के-वन: जपानी किकबॉक्सिंगच्या सर्वात गाजलेल्या स्पर्धेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

के-वन म्हणजे नेमकं काय? खेळ की कंपनी?

दोन्ही, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. के-वन ही १९९३ साली जपानमध्ये सुरू झालेली व्यावसायिक किकबॉक्सिंग स्पर्धा. ती इतकी गाजली की तिचे नियमच 'के-वनचे नियम' म्हणून जगभर पसरले आणि लोक खेळालाही के-वन म्हणू लागले. मालक बदलले, कंपन्या बुडाल्या, नाव मात्र टिकलं.

'के' कशाचा, असाही प्रश्न येतो. कराटे, केंपो, किकबॉक्सिंग, कुंग फू या सगळ्यांचं आद्याक्षर, असं उत्तर दिलं जातं. 'वन' म्हणजे सगळ्यांतून निघणारा एकच अव्वल. यापलीकडे त्यात शोधण्यासारखं काही नाही.

हे सुरू कोणी केलं?

काझुयोशी इशी यांनी. ते मूळचे क्योकुशिन कराटेतले. १९८०मध्ये त्यांनी ओसाकात 'सेइदोकाइकान' नावाची स्वतःची कराटे शाखा काढली. शिक्षक म्हणून ते चांगले होतेच, पण त्यांचं खरं डोकं चालायचं ते आयोजनात. कराटेची स्पर्धा शाळेच्या व्यायामशाळेतून काढून टीव्हीवर कशी न्यायची, हे त्यांना इतर अनेक गुरूंच्या आधी कळलं. पाठीशी फुजी टीव्ही होतं. जपानमध्ये त्यांना आजही 'इशी कांचो' म्हणतात. कांचो म्हणजे शाखेचे प्रमुख.

त्याआधी जपानमध्ये किकबॉक्सिंग नव्हतं का?

होतं, आणि जवळपास तीस वर्षं होतं. ओसामू नोगुची या बॉक्सिंग आयोजकाने थायलंडचा मुए थाई पाहिला आणि कराटेवाल्यांना त्या रिंगमध्ये उतरवायचं ठरवलं. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात क्योकुशिनचे तीन जण बँकॉकच्या लुंपिनी स्टेडियममध्ये थाई मल्लांशी लढले. दोघे जिंकले, एक हरला. हरलेला माणूस होता केंजी कुरोसाकी. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नोगुचींनी ११ एप्रिल १९६६ रोजी ओसाकात पहिला कार्यक्रम केला. 'किकबॉक्सिंग' हे नावही त्यांचंच. त्यांचा हुकमी एक्का होता तादाशी सावामुरा, उडी मारून गुडघा हाणणारा. १९६८पासून टीबीएस वाहिनीवर त्याच्या लढती दिसू लागल्या आणि तो घराघरांत पोचला. १९७३चा जपानी व्यावसायिक क्रीडा महापुरस्कार बेसबॉलच्या सादाहारू ओ याला मागे टाकून सावामुराने घेतला. बेसबॉलवेड्या देशात एका लाथाबुक्क्यांच्या खेळाडूने हे करावं, यावरून त्या लाटेचा अंदाज यावा.

ती लाट ओसरली, टीव्ही गेला, संघटना फुटल्या. इशींनी उभं केलं ते या ओसाड जागेवर. म्हणून 'इशींनी जपानला किकबॉक्सिंग दिलं' हे वाक्य चूक आहे. त्यांनी दिलं ते स्पर्धेचं रूप: आठ माणसं, एक रात्र, एक विजेता.

पहिली स्पर्धा कशी झाली?

३० एप्रिल १९९३, टोकियोतलं योयोगी राष्ट्रीय क्रीडागृह. बक्षीस एक लाख डॉलर. नेदरलँड्सचे पीटर आर्ट्स आणि अर्नेस्टो होस्ट, अमेरिकेचे मॉरिस स्मिथ आणि टॉड हेज, थायलंडचा चांगपुएक कियात्सोंगृत, जपानचे मासाआकी साताके आणि तोशियुकी आतोकावा, आणि क्रोएशियाचा ब्रांको त्सिकातिच.

बोलबाला होता आर्ट्स आणि स्मिथचा. होस्टने पहिल्याच फेरीत आर्ट्सला गुणांवर काढलं आणि उपांत्य फेरीत स्मिथला डोक्यावर लाथ घालून झोपवलं. दुसऱ्या बाजूने त्सिकातिच आला. वय ३८. या वयात बहुतेक मल्ल हातमोजे खुंटीला टांगतात. त्याने चांगपुएकला आणि साताकेला पाडलं, आणि अंतिम लढतीत पहिल्याच राउंडमध्ये उजव्या ठोशाने होस्टला आडवं केलं. तरुण, तांत्रिक, सर्वांगसुंदर होस्ट खाली आणि ज्याच्यावर कोणी पैज लावली नसती तो क्रोएशियन वर. एका रात्रीत के-वनचा स्वभाव ठरून गेला.

जाता जाता: यातला टॉड हेज पुढे बर्फावरच्या बॉबस्ले शर्यतींकडे वळला आणि २००२च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने अमेरिकेच्या चौघांच्या संघातून रौप्यपदक मिळवलं.

नियम काय आहेत? मुए थाईपेक्षा वेगळे कसे?

तीन मिनिटांचे तीन राउंड. बरोबरी झाली तर जादा राउंड. ठोसे, लाथा, गुडघे चालतात. कोपर चालत नाही. मान धरून, मिठी मारून गुडघ्यांचा मारा करत राहणं चालत नाही. रेफ्री लगेच सोडवतो. एका राउंडमध्ये तीनदा खाली पडलात की लढत संपली, आणि एकाच रात्रीच्या स्पर्धेत ही मर्यादा बहुतेकदा दोनवर आणतात.

मुए थाई पाच राउंडचं. त्यात पहिले दोन राउंड एकमेकांना जोखण्यात जातात. के-वनमध्ये तेवढी उसंतच नाही. घंटा वाजल्यापासून हाणामारी. कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर हे नियम गुणांवरच्या निकालापेक्षा चितपटीची वाट मोकळी करतात, आणि ते टीव्हीसाठी मुद्दाम केलेलं आहे. कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे. खेळ पाहणाऱ्याला झुकतं माप द्यायचं, हा निर्णय पहिल्या दिवसापासून घेतलेला होता.

ग्रां प्रीच्या विजेत्यांची यादी मिळेल का?

ग्रां प्री म्हणजे के-वनची दर वर्षीची मुख्य स्पर्धा. ही यादी वजनाची वरची मर्यादा नसलेल्या, म्हणजे मोठ्या गड्यांच्या मूळ ग्रां प्रीची. आधी विजेता, मग अंतिम लढतीत हरलेला:

१९९३: ब्रांको त्सिकातिच, अर्नेस्टो होस्ट
१९९४: पीटर आर्ट्स, मासाआकी साताके
१९९५: पीटर आर्ट्स, जेरोम ले बाने
१९९६: अँडी हग, माइक बर्नार्डो
१९९७: अर्नेस्टो होस्ट, अँडी हग
१९९८: पीटर आर्ट्स, अँडी हग
१९९९: अर्नेस्टो होस्ट, मिर्को फिलिपोविच
२०००: अर्नेस्टो होस्ट, रे सेफो
२००१: मार्क हंट, फ्रान्सिस्को फिल्यो
२००२: अर्नेस्टो होस्ट, जेरोम ले बाने
२००३: रेमी बोन्यास्की, मुसाशी
२००४: रेमी बोन्यास्की, मुसाशी
२००५: सेमी शिल्ट, ग्लाउबे फेइतोसा
२००६: सेमी शिल्ट, पीटर आर्ट्स
२००७: सेमी शिल्ट, पीटर आर्ट्स
२००८: रेमी बोन्यास्की, बद्र हारी
२००९: सेमी शिल्ट, बद्र हारी
२०१०: अलिस्टर ओव्हरीम, पीटर आर्ट्स

यानंतर जुनी कंपनी कोसळली. नव्या मालकांनी २०१२ची म्हणून घेतलेली ग्रां प्री प्रत्यक्षात मार्च २०१३मध्ये झाग्रेबला संपली आणि ती मिर्को 'क्रोकॉप' फिलिपोविचने इस्माएल लोंटला हरवून घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकली. वरच्या यादीत मी ती मुद्दाम घातली नाही. नाव तेच होतं, पण मागची यंत्रणा वेगळी आणि समोरचे प्रतिस्पर्धीही त्या तोडीचे नव्हते.

यादीत पीटर आर्ट्स १९९४पासून २०१०पर्यंत दिसतो, हे नजरेतून सुटू देऊ नका. २०१०ला तो ४० वर्षांचा होता आणि त्याच रात्री उपांत्य फेरीत त्याने शिल्टला हरवलं होतं.

एकाच रात्री तीन लढती? मग यात नशिबाचा भाग किती?

बराच. हे मान्य न करता यादी वाचली तर चुकीचे निष्कर्ष निघतात.

साधारण पद्धत अशी होती: वर्षभर वेगवेगळ्या देशांत पात्रता स्पर्धा, शरद ऋतूत सोळा जणांची फेरी, आणि डिसेंबरमध्ये उरलेल्या आठांची एकाच रात्री उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम लढत. त्यामुळे पहिल्या लढतीत पाय सुजला तर तोच पाय घेऊन दोन लढती लढायच्या. सोपा प्रतिस्पर्धी मिळाला तर तुम्ही ताजे. आणि जिंकलेला जखमी झाला तर हरलेला आत.

२००१चा मार्क हंट पाहा. न्यूझीलंडचा हा दगडी हनुवटीचा गडी फुकुओकाच्या पात्रता फेरीत रे सेफोकडून हरला होता. पण सेफोच्या डोळ्याला दुखापत झाली, त्याला पुढे जाता येईना, म्हणून हंट आत आला. तिथून त्याने ती फेरी जिंकली, डिसेंबरमध्ये ले बानेला नॉकआउट केलं, श्टेफान लेको आणि फिल्यो यांना गुणांवर हरवलं आणि तो विश्वविजेता झाला.

२००२ तर त्याहून अजब. होस्ट ऑक्टोबरमध्ये बॉब सॅपकडून हरून बाहेर पडला. सेमी शिल्टच्या जागी त्याला परत घेतलं. ७ डिसेंबरला टोकियो डोममध्ये पुन्हा समोर सॅप, पुन्हा पराभव. म्हणजे एकाच स्पर्धेत एकाच माणसाकडून दोनदा बाद. पण सॅपचा हात मोडला. होस्ट पुढे. उपांत्य लढतीत सेफोचा पाय गेला. अंतिम लढतीत ले बानेने होस्टच्या लाथा हातावर अडवल्या आणि तिसऱ्या राउंडमध्ये त्याचा हात निकामी झाला. होस्ट चौथ्यांदा विजेता. ज्याने त्याला दोनदा हरवलं तो प्लॅस्टरमध्ये.

याला अन्याय म्हणायचं का? म्हणा हवं तर. पण होस्टला 'मिस्टर परफेक्ट' म्हणायचे ते उगाच नाही. तिसऱ्या लढतीपर्यंत शरीर शाबूत ठेवणं हीच त्याची विद्या होती. कमी मार खा, समोरच्याची मांडी फोड, दम राखून ठेव. एका लढतीत त्याला हरवू शकणारे पुष्कळ होते, एका रात्रीत हरवू शकणारे थोडे. के-वनचं अजिंक्यपद याच गोष्टीची परीक्षा घेत होतं, त्यामुळे 'तेव्हाचा सर्वोत्तम किकबॉक्सर कोण' आणि 'त्या वर्षीची ग्रां प्री कोणाची' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ले बाने कधीच ग्रां प्री जिंकला नाही. आठांतल्या निम्म्या लोकांना त्याच्यासमोर यायचं नसायचं.

उलट कोणी निर्विवाद जिंकलं असं झालं का?

दोन रात्री. १९९८ला आर्ट्सने तिन्ही लढती पहिल्याच राउंडमध्ये नॉकआउटने संपवल्या, तिन्ही मिळून सात मिनिटांच्या आत. २००९ला शिल्टने ले बाने, बोन्यास्की आणि हारी अशा तिघांना पहिल्याच राउंडमध्ये पाडलं. शिल्टची उंची २१२ सेंटीमीटर. नुसती सरळ लाथ पुढे केली तरी समोरच्याला जवळ येता येत नसे. लोकांना तो कंटाळवाणा वाटायचा. हरवता येत नसलेला माणूस लोकांना कंटाळवाणाच वाटतो.

सगळे डच लोकच कसे जिंकतात?

वरच्या १८ स्पर्धांपैकी १५ डच खेळाडूंनी जिंकल्या. उरलेल्या तीन त्सिकातिच, हग आणि हंटच्या. योगायोगाने असं होत नाही.

बँकॉकमध्ये हरलेला केंजी कुरोसाकी आठवतो? त्या पराभवाने तो पेटला. त्याने टोकियोत मेजिरो जिम काढली आणि तिथे मुए थाईची लाथ, कराटेची शिस्त आणि बॉक्सिंगचे हात एकत्र घोटले. नेदरलँड्समधून यान प्लास त्याच्याकडे शिकायला गेला आणि परत येऊन १९७०च्या दशकात त्याने ॲमस्टरडॅममध्ये त्याच नावाची जिम उघडली. तॉम हारिंकची चाकुरिकी, योहान व्होसची व्होस जिम, पुढे गोल्डन ग्लोरी, अशी ही डच परंपरा वाढली. ठोशांची सरबत्ती आणि शेवटी मांडीवर सणसणीत लाथ, ही त्यांची ओळख. म्हणजे जपानने जे बाहेर पाठवलं तेच तीस वर्षांनी परत येऊन जपानचा करंडक घेऊन गेलं.

आणखी एक पदर: होस्ट आणि बोन्यास्की यांची मुळं सुरिनाममध्ये. बोन्यास्कीचा जन्मच पारामारिबोचा. ॲमस्टरडॅमच्या जिममध्ये स्थलांतरितांची मुलं नसती तर ही यादी अशी दिसली नसती.

जपानी खेळाडू कधीच जिंकला नाही?

मोठ्या वजनात नाही. साताके १९९४ला आणि मुसाशी २००३ व २००४ला अंतिम लढतीपर्यंत गेले. मुसाशीच्या काही निकालांवर परदेशी प्रेक्षकांनी बरीच बोटं मोडली, पण बोन्यास्कीपुढे तो दोन्ही वेळा हरला हे खरं. शंभर किलोच्या वरचे चपळ मल्ल जपानकडे कमीच. या अडचणीतूनच पुढे हलक्या वजनाच्या गड्यांचं 'मॅक्स' जन्माला आलं.

अँडी हगचं जपानमध्ये एवढं प्रेम का?

कारण तो हरला कसा, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

हग स्वित्झर्लंडचा, क्योकुशिन कराटेतून आलेला. हेवीवेटच्या मानाने बुटका. कुऱ्हाडीसारखी टाच वरून खाली आणणारी त्याची लाथ प्रसिद्ध होती, पण ग्लोव्हज घातलेल्या लढतीत चेहऱ्यावर ठोसे खायची त्याला सवय नव्हती. १९९४ला पॅट्रिक स्मिथने त्याला १९ सेकंदांत पाडलं. १९९५ला दक्षिण आफ्रिकेच्या माइक बर्नार्डोने दोनदा नॉकआउट केलं. इतर कोणी असता तर परत गेला असता.

६ मे १९९६, योकोहामा अरीना. उपांत्य लढतीत होस्टविरुद्ध दोन जादा राउंड खेळून हग गुणांवर निसटला. अंतिम लढतीत समोर तोच बर्नार्डो. दुसऱ्या राउंडमध्ये हगने गिरकी घेतली आणि टाच थेट बर्नार्डोच्या मांडीवर मारली. त्या लाथेला 'हग टोर्नेडो' म्हणतात. बर्नार्डो उठू शकला नाही. अशा दिखाऊ लाथेने, तीही मांडीवर मारून, अंतिम लढत संपते यावर आजही पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

जुलै २०००मध्ये सेंदाईला त्याने आपली शेवटची लढत नॉकआउटने जिंकली. २४ ऑगस्ट २००० रोजी टोकियोत रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. वय ३५. त्या डिसेंबरमध्ये त्याच्याशिवायची ग्रां प्री झाली.

बॉब सॅप खरा खेळाडू होता की तमाशा?

दोन्ही. अमेरिकन फुटबॉलमधून आलेला, प्रचंड देहाचा, तंत्र जेमतेम. पण त्याने होस्टला दोनदा हरवलं हे पुसता येत नाही. मार्च २००३मध्ये क्रोकॉपने एका डाव्या ठोशात त्याच्या डोळ्याखालचं हाड मोडलं आणि जादू उतरू लागली.

तरी ३१ डिसेंबर २००३ची रात्र त्याचीच. नागोया डोममध्ये सॅप विरुद्ध आकेबोनो, सुमोचा पहिला परदेशात जन्मलेला योकोझुना, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा मल्ल. लढत पहिल्याच राउंडमध्ये संपली, आकेबोनो तोंडावर पडला. पण त्या काही मिनिटांत टीबीएसचा प्रेक्षकवाटा ४३ टक्क्यांवर गेला आणि एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या नववर्षपूर्वसंध्येच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला त्याने मागे टाकलं. जपानमध्ये तो कार्यक्रम म्हणजे घरोघरचा रिवाज. खेळ म्हणून ही लढत सुमार होती. पण के-वन किती वर पोचलं होतं ते हीच लढत दाखवते, आणि पुढे काय चुकणार होतं तेही.

२००८च्या अंतिम लढतीत बद्र हारीला बाद का केलं?

मोरोक्कन वंशाचा डच हारी तेव्हा सर्वात धोकादायक मानला जात होता. अंतिम लढतीत बोन्यास्कीने त्याला एकदा पाडलं. नंतर बोन्यास्की जमिनीवर असताना हारीने त्याला ठोसे मारले आणि वरून पायाने तुडवलं. बोन्यास्की पुढे लढू शकला नाही, हारी अपात्र ठरला आणि त्याचं उपविजेतेपदही काढून घेतलं. बोन्यास्कीने नाटक केलं असं म्हणणारे अजून भेटतात. नियम साधा आहे: खाली पडलेल्याला हात लावायचा नाही.

ग्रां प्री आणि पट्टा यात फरक काय?

जुन्या के-वनमध्ये ग्रां प्री हाच खरा किताब. रीतसर आव्हान देऊन जिंकायचे पट्टे मोठ्या गड्यांसाठी २००७ला आले. शंभर किलोंवरचा शिल्टकडे गेला, त्याखालचा हारीकडे. त्यांना ग्रां प्रीची सर कधी आली नाही. आजच्या के-वनमध्ये उलट आहे: प्रत्येक वजनाचा पट्टा हा मुख्य मान, आणि स्पर्धा बहुधा तो पट्टा ठरवण्यासाठी.

के-वन मॅक्स काय आहे?

७० किलोंपर्यंतच्यांसाठी २००२ला सुरू झालेली ग्रां प्री. माझं प्रामाणिक मत: निव्वळ किकबॉक्सिंग म्हणून मॅक्स ही मोठ्या गड्यांच्या स्पर्धेपेक्षा सरस होती.

पहिली नेदरलँड्सच्या आल्बर्ट क्राउसने जिंकली. २००३ला मासातोने क्राउसला हरवलं आणि जपानला हवा असलेला घरचा नायक मिळाला. देखणा, उद्धट, खरोखर चांगला. २००४ला फारसा कोणाला माहीत नसलेला थाई तरुण बुआकाव पोर प्रामुक आला आणि मासातोला जादा राउंडमध्ये हरवून गेला. २००५ला अँडी साउअर, २००६ला पुन्हा बुआकाव, २००७ला पुन्हा साउअर. २००८ला मासातो परतला. त्या रात्री अंतिम लढतीत तो खाली पडला, उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही लढती जादा राउंडमध्ये गेल्या आणि दोन्ही त्याने जिंकल्या. पुढच्या वर्षी ३१ डिसेंबरला साउअरला हरवून तो निवृत्त झाला.

२००९ आणि २०१० आर्मेनियात जन्मलेल्या इटालियन जॉर्जो पेत्रोस्यानचे. त्याला मारता येतच नाही, असं वाटायचं. नंतर २०१२ला मुर्तेल ग्रुनहार्ट. २०१४ला पट्टायामध्ये एनरिको केल, पण ते विचित्र: जादा राउंड होणार हे कळायच्या सुमारास बुआकाव रिंग सोडून निघून गेला. बऱ्याच खंडानंतर २०२४ला मॅक्स परत झालं आणि बल्गेरियाच्या स्तोयान कोप्रिव्हलेन्स्कीने ते जिंकलं.

मिठीतल्या गुडघ्यांवर बंदी बुआकावमुळे आली का?

तसं सर्रास म्हटलं जातं, आणि वेळ जुळते. २००४ला त्याने मान धरून गुडघ्यांनी सगळ्यांना भंडावलं आणि त्यानंतर क्लिंचचे, म्हणजे मिठीचे, नियम कडक झाले. गंमत अशी की नियम बदलल्यावरही तो २००६ला जिंकला, या वेळी हातांनी.

एवढं मोठं झालेलं के-वन बुडालं कसं?

हळूहळू. २००३च्या सुरुवातीला इशींना करचुकवेगिरीच्या प्रकरणात अटक झाली आणि जानेवारी २००४मध्ये एक वर्ष दहा महिन्यांची शिक्षा ठोठावली गेली. कारभार सादाहारू तानिकावा यांच्याकडे आणि फाइटिंग अँड एंटरटेनमेंट ग्रुप, म्हणजे एफईजी या कंपनीकडे गेला. तानिकावांचा भर सॅप-आकेबोनो छापाच्या लढतींवर होता. त्याने टीव्ही खूश राहिला, पण नवे मल्ल घडले नाहीत. त्यातच एफईजी मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धाही चालवत होती. प्रेक्षकवाटा घसरला, वाहिन्यांचा पैसा आटला. जो धंदा तिकिटांपेक्षा टीव्हीवर उभा असतो त्याला हा धक्का पेलत नाही.

२०१०पासून मल्ल उघडपणे थकीत मानधनाबद्दल बोलू लागले. २०११ला ग्रां प्री झालीच नाही. नाव विकलं गेलं, २०१२ला ते के-वन ग्लोबलकडे आलं आणि त्याच वर्षी एफईजी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी ग्लोरी नावाची नवी स्पर्धा उभी राहिली आणि जगातले मोठे हेवीवेट तिकडे गेले. ते परत आले नाहीत.

मग आजचं के-वन तेच आहे का?

नाव तेच, वंश वेगळा. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी योयोगीतच नवं जपानी के-वन सुरू झालं. यामागची माणसं बरीचशी 'क्रश' या २००८ला सुरू झालेल्या जपानी स्पर्धेतली. पहिल्या रात्रीची ६५ किलोंची स्पर्धा थायलंडच्या काएव फेअरटेक्सने जिंकली.

नव्या के-वनने मोठ्या गड्यांचा नाद बाजूला ठेवला आणि जपानकडे जे भरपूर आहे, म्हणजे हलक्या वजनाचे वेगवान पोरगे, त्यांच्यावर डाव लावला. ५५ ते ७० किलोंमध्ये अडीच-अडीच किलोंच्या अंतराने पट्टे आहेत. महिलांचेही आहेत. ५२ किलोंचा पहिला पट्टा २०१९ला कानाने जिंकला. क्रश आता त्याच घरची खालची पायरी: तिथे नाव कमवा, मग के-वनमध्ये या.

या काळाचा चेहरा ताकेरू. ५५, ५७.५ आणि ६० अशा तीन वजनांचे पट्टे त्याने जिंकले, आणि मार खाताना तो हसायचा.

ताकेरू आणि तेनशिनच्या लढतीचं एवढं काय?

तेनशिन नासुकावा 'राइज' या दुसऱ्या स्पर्धेचा. के-वन आपल्या खेळाडूंना बाहेर लढू देत नसे, त्यामुळे देशातले दोन सर्वोत्तम वर्षानुवर्षं समोरासमोर आलेच नाहीत. चाहते थकले. अखेर १९ जून २०२२ला टोकियो डोममध्ये, ५८ किलोंवर, ५६,३९९ प्रेक्षकांसमोर लढत झाली. फुजी टीव्हीने तीन आठवडे आधी प्रक्षेपणातून अंग काढून घेतलं, तरी पैसे भरून ऑनलाइन पाहणारे पाच लाखांच्या वर गेले. पहिल्या राउंडमध्ये तेनशिनच्या डाव्या ठोशाने ताकेरू खाली बसला. निकाल पाचही जजांनी तेनशिनला दिला.

ती एकच लढत होती, स्पर्धा नव्हती. दोघंही ताजे, दोघंही तयारीनिशी. जुन्या के-वनच्या चाहत्याला यात काहीतरी कमी वाटतं, पण 'चांगला कोण' याचं उत्तर या पद्धतीनेच जास्त स्वच्छ मिळतं. पुढे तेनशिन बॉक्सिंगकडे वळला.

के-वन, प्राइड, राइज, शूटबॉक्सिंग हे सगळं एकच का?

नाही. प्राइड ही मिश्र मार्शल आर्ट्सची स्पर्धा होती, त्यात जमिनीवर कुस्ती चालायची. मिर्को, हंट, ओव्हरीम अशांनी दोन्ही गाजवल्यामुळे गल्लत होते. राइज हे २००३पासूनचं जपानी किकबॉक्सिंग. शूटबॉक्सिंग १९८५चं, म्हणजे के-वनच्या आधीचं. त्यात फेक आणि उभ्या-उभ्या आवळणंही चालतं. साउअर तिथलाच.

आमच्या क्लासच्या फलकावर 'के-वन' लिहिलंय. त्याचा या स्पर्धेशी संबंध आहे का?

थेट नाही. हौशी किकबॉक्सिंगची जागतिक संघटना वाको, जिला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ला मान्यता दिली, तिच्या रिंगमधल्या प्रकारांपैकी एकाला 'के-वन' म्हणतात. फुल कॉन्टॅक्टमध्ये लाथ कमरेच्या वरच, लो-किकमध्ये मांडीवरही, आणि के-वनमध्ये गुडघेसुद्धा. भारतातल्या स्पर्धांच्या प्रवेशपत्रिकेवर हा शब्द दिसतो तो या अर्थाने. मुलगा 'के-वन'मध्ये पदक घेऊन आला तर कौतुक करा, पण तो टोकियोला लढून आला असं शेजाऱ्यांना सांगू नका.

नव्याने पाहायला सुरुवात करायची तर कुठून?

सुटी लढत पाहू नका, अख्खी रात्र पाहा. १९९६ची योकोहामा आणि २००२ची टोकियो डोम या दोन स्पर्धा क्रमाने, पहिल्या उपांत्यपूर्व लढतीपासून. तिसऱ्या लढतीला येताना कोण लंगडतोय, कोणाची मांडी सुजली आहे, कोण एक हात कमी उचलतोय, हे बघत बसा. मग २००८चं मॅक्स. त्यानंतर ठोसे आणि लाथांची भूक भागली नसेल तर २००९ची ग्रां प्री आहेच. शिल्टच्या तिन्ही लढती चहा उकळेपर्यंत संपतात.